‘केवळ शोभेची’ : जपानी खांड्याच्या साजाविषयी एक तक्रार

काही महिन्यांपूर्वी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी भरलेल्या एका चर्चासत्रात आम्ही श्रोते म्हणून बसलो होतो. विषय होता पौर्वात्य सौंदर्यदृष्टी. वक्ते अभ्यासू होते आणि त्यांची तयारीही चांगली होती. पडद्यावर एकामागून एक चित्रे येत होती : वाळू आणि दगडांची बाग, चहाचा खडबडीत वाडगा, कातानाचे वक्र, लखलखीत पाते. मग एक वेगळेच चित्र आले. सरळ, दोन्ही कडांना धार असलेले, टोकाशी निमुळते होत गेलेले पाते. आणि त्याला सोनेरी मुलाम्याची मूठ, जिच्या टोकाशी तीन अणकुच्या पाकळ्यांसारख्या मिटत आलेल्या. वक्त्यांनी ते चित्र क्षणात पुढे ढकलले आणि जाता जाता म्हणाले, “ही केवळ शोभेची. खरी जपानी तलवार आपण आधी पाहिली.” विद्यार्थ्यांनी वहीत बहुधा तसेच उतरवून घेतले असावे.

आमची तक्रार त्या एका वाक्याविषयी आहे. ते वाक्य एकट्या वक्त्यांचे नाही. जपानविषयी मराठीत जे काही लिहिले-बोलले जाते त्यात ते निरनिराळ्या रूपांत भेटत राहते : पाते हे सत्त्व, साज ही वरवरची भर, साधेपणा हा जपानी आत्मा, नक्षीकाम हा दरबारी उपद्रव, जिने माणूस मारला ती तलवार खरी, देवघरात ठेवलेली खोटी. आमचे म्हणणे असे की, सरळ दुधारी जपानी तलवारीबाबत हा समज साफ चुकीचा आहे. तो फारसा जुनाही नाही. आणि साहित्याच्या वर्गात आपण जी एक वाईट सवय वर्षानुवर्षे जोपासत आलो आहोत, तिचेच हे दुसरे रूप आहे.

आधी शब्दांचे पाहू. अशा सरळ दुधारी शस्त्राला आपल्याकडे खांडा म्हणतात. जपानी भाषेत त्याला ‘त्सुरुगी’ म्हणतात, किंवा चिनी वळणाच्या उच्चाराने ‘केन’. एकधारी शस्त्रासाठी जपानी लेखनात वेगळे चित्राक्षर आहे, दुधारीसाठी वेगळे. व्यवहारात मात्र ही सीमारेषा नेहमी पाळली गेलेली नाही आणि जिथे ती मोडली गेली ती स्थळे पाहण्याजोगी आहेत. लाकडी वा बांबूच्या तलवारीने खेळल्या जाणाऱ्या ‘केन्दो’ या विद्येत जे डावपेच शिकवले जातात ते एकधारी तलवारीचे. पण तिच्या नावात ‘केन’ आहे, दुधारीचे अक्षर आहे. रणांगणावरून दुधारी तलवार कधीच मागे हटली होती, तरी प्रतिष्ठेच्या भाषेत तिची जागा कोणी घेतली नाही. एखादे शस्त्र वापरातून जाते आणि शब्दात उरते, तेव्हा ‘खरे कोणते’ हा प्रश्न इतक्या घाईने निकालात काढता येत नाही.

तलवारीच्या साजाला जपानीत ‘कोशिराए’ म्हणतात. त्यात मूठ आली, म्यान आले, परज म्हणजे ‘त्सुबा’ आली, मुठीवर बसवलेली धातूची छोटी लेणी आली, आणि पात्याच्या मुळाशी घट्ट बसणारा ‘हाबाकी’ नावाचा धातूचा पट्टाही आला. यातल्या शेवटच्या वस्तूकडे जरा लक्ष द्यावे. हाबाकी सोन्याच्या पत्र्याने मढवतात, तिच्यावर रेघा कोरतात, ती दिसायला दागिन्यासारखी असते. पण पाते म्यानात अधांतरी तोलून धरण्याचे काम तीच करते. ती नसेल तर पाते म्यानाच्या लाकडाला घासत राहील, खिळखिळे होईल. मुठीवर चढवलेल्या माशाच्या कातडीचे पांढरे दाणे डोळ्यांना सुंदर दिसतात. त्याच दाण्यांमुळे मुठीवरचा गोफ घसरत नाही. म्हणजे युद्धात वापरल्या गेलेल्या तलवारीबाबतसुद्धा ‘उपयोग इथे संपला आणि शोभा इथे सुरू झाली’ अशी रेघ ओढता येत नाही. मग जी तलवार मुळात देवासाठी, राजासाठी किंवा मृतासाठी घडवली गेली तिच्याबाबत ती कशी ओढणार?

*

पाते म्हणजे सत्त्व हा समज आपल्यापर्यंत कसा आला, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. तो इंग्रजीतून आला. इनाझो नितोबे यांचे ‘बुशिदो’ हे पुस्तक १९०० साली अमेरिकेत, इंग्रजीत, परदेशी वाचकांसाठी प्रसिद्ध झाले. तलवार हा सामुराईचा आत्मा, हे समीकरण जगभर पोहोचवण्यात त्यातील एका प्रकरणाचा वाटा मोठा आहे. रुथ बेनेडिक्ट यांनी १९४६ च्या आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच शेवंतीच्या शेजारी तलवार ठेवली. दाइसेत्सु सुझुकी यांनी झेन आणि तलवारबाजी यांची सांगड घालून दिली. ही माणसे लहान नव्हेत आणि त्यांचे लेखन टाकाऊही नव्हे. पण या सर्वांच्या मनातली तलवार ही सामुराईच्या कमरेची वक्र, एकधारी तलवार आहे. तिच्याआधीची कित्येक शतके आणि तिच्याबरोबरीने देवळांत नांदलेली दुधारी तलवार या चित्रात कुठेच नाही. आपण हे चित्र जसेच्या तसे उचलले आणि त्यालाच ‘जपान’ म्हणू लागलो.

प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पात्याचा स्वतंत्र गौरव ही सर्वस्वी पाश्चात्त्यांसाठी रचलेली कल्पना नव्हे. तलवारींची पारख करणारे होनआमी घराणे सामुराईंच्या काळातच पात्यांना प्रमाणपत्रे देत होते. पाते जपण्यासाठी त्याला साध्या, बिननक्षीच्या लाकडी म्यानात ठेवण्याची रीतही जपानी आहे. पोलादाला वारंवार घड्या घालून ते पुन्हा ठोकण्याचे आणि मातीचा लेप देऊन धारेला पाणी देण्याचे कौशल्य अद्वितीय आहे, याबद्दल वाद नाही. आमचा आक्षेप पात्याच्या गौरवाला नाही. बाकी सर्व गोष्टींना ‘जोड’ ठरवण्याला आहे.

‘जोड’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. जपानमध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेल्या वस्तूंच्या सरकारी यादीत एक छोटे चित्राक्षर वारंवार येते : ‘त्सुकेतारी’, म्हणजे ‘सोबत जोडलेले’. ओसाका प्रांतातील कावाचिनागानो येथील कोंगो-जी मंदिराच्या मालकीची एक प्राचीन केन या यादीत आहे. नोंद अशी, की मुख्य वस्तू ‘केन’, आणि सोबत जोडलेला तिचा काळ्या लाखेचा साज. प्रशासनाला यादी करावी लागते, आणि यादीला कर्ता आणि उपपद लागते, हे आम्हाला कळते. पण व्याकरण निरुपद्रवी नसते. कोण मुख्य आणि कोण जोडलेले हे एकदा यादीने ठरवले, की संग्रहालयाची कपाटे, पुस्तकांची प्रकरणे आणि अखेर वक्त्यांची चित्रफीत त्याच क्रमाने लागते.

हाच क्रम पूर्वी कसा होता ते पाहण्याची सोय सुदैवाने आहे. ७५६ साली सम्राट शोमू यांच्या निधनानंतर सम्राज्ञी कोम्यो यांनी त्यांच्या वस्तू नारा येथील तोदाइ-जी मंदिराच्या महाबुद्धाला अर्पण केल्या. त्या वस्तूंची जी तपशीलवार वही तेव्हा लिहिली गेली ती आजही उपलब्ध आहे. तीत शंभर तलवारींची नोंद आहे. या नोंदी कशा आहेत? तलवारीची ओळख तिच्या साजाने सुरू होते. ‘सोन्या-रुप्याच्या जडावाची’ अमुक तलवार. मग पात्याची लांबी, टोकाचा आकार. मग मुठीची कातडी, म्यानाची लाख, पट्ट्याचा रंग. आठव्या शतकातल्या त्या लेखनिकाला साज हे तलवारीचे नाव वाटत होते. विसाव्या शतकातल्या यादीकाराला तोच साज पुरवणी वाटला. मधल्या काळात तलवारी बदलल्या. पण त्याहून अधिक बदलली ती पाहण्याची रीत.

त्या वहीतील तलवारींच्या नोंदींत अग्रभागी दोन नावे आहेत : ‘यांग रत्नखड्ग’ आणि ‘यिन रत्नखड्ग’. जपानी उच्चारात योहोकेन आणि इन्होकेन. त्या दोन्ही ७५९ मध्ये भांडारातून बाहेर काढल्याची चिठ्ठी वहीला लावलेली होती. पुढे त्यांचे काय झाले हे कुणालाच ठाऊक नव्हते. १९०७ साली महाबुद्धाच्या मंदिराची दुरुस्ती चालू असताना मूर्तीच्या बैठकीखाली सोन्या-रुप्याचा साज असलेल्या सरळ पात्यांच्या तलवारी सापडल्या. त्या जपून ठेवल्या गेल्या, पाहिल्या गेल्या, राष्ट्रीय ठेवाही ठरल्या. पण त्या कोण, हे ओळखले गेले नाही. २०१० मध्ये क्ष-किरणांनी तपासणी करताना पात्यांवर, मुठीच्या बाजूला, जडवलेली अक्षरे दिसली : एकीवर ‘यांग’, दुसरीवर ‘यिन’. शंभराहून अधिक वर्षे त्या तलवारी अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर होत्या, आणि त्यांची नावे गंजाखाली होती. जडावाची ती मोजकी अक्षरे नसती तर ती वही एकीकडे आणि त्या तलवारी दुसरीकडे, अशाच राहिल्या असत्या. या अक्षरांना शोभा म्हणायचे का?

*

आता त्या मुठीकडे वळू, जिला पडद्यावर क्षणभरच जागा मिळाली. तीन अणकुच्यांची ती मूठ म्हणजे वज्र. वज्रयान बौद्ध परंपरेतील विधींत हातात धरायचे ते आयुध. ८०६ साली कूकाइ हा भिक्षू चीनहून गुह्य बौद्ध परंपरेचे ग्रंथ, चित्रे आणि विधिसामग्री घेऊन जपानला परतला. त्यानंतर जी देवता तिथल्या लोकांच्या मनात खोल रुजली ती ‘फुदो म्योओ’, म्हणजे आपला अचल. एका हातात पाश, दुसऱ्या हातात सरळ दुधारी खड्ग, मागे ज्वाळा. ते खड्ग अज्ञान छेदण्यासाठी आहे. माणूस मारण्यासाठी ते नाही, हे त्याला पाहताक्षणी कळते. आणि ते कळते मुठीमुळे. पाते कोणत्याही खांड्याचे असू शकते. वज्राची मूठ बसली की ते अचलाचे होते. इथे साज तलवारीला शोभा आणत नाही, तिचा अर्थ ठरवतो. मूठ काढून टाकली तर उरते ते पोलादाचे दुधारी पट्टीवजा पान. त्याला ‘खरी तलवार’ म्हणणे म्हणजे विशेषण आणि क्रियापद पुसून उरलेल्या नामाला ‘खरे वाक्य’ म्हणण्यासारखे आहे.

अचलाचे खड्ग कधी कधी स्वतंत्रपणेही पूजले जाते : उभ्या पात्याला विळखा घालून त्याचे टोक गिळू पाहणारा नाग. याला ‘कुरिकारा’ म्हणतात आणि हे नाव कुलिक नागराजाच्या नावाशी जोडले जाते. कित्येक जपानी पात्यांवर हे चित्र कोरलेले आहे. कित्येकांवर बीजाक्षरे आहेत, जी सिद्धम् लिपीत आहेत. ही लिपी ब्राह्मीच्याच वंशातली, म्हणजे आपण हा मजकूर ज्या लिपीत लिहीत आहोत तिची नातलग. अचलाचे बीजाक्षर ‘हां’. जपानी जिभेवर ते ‘कान्’ झाले. नारा येथील ताइमा-देरा मंदिराकडे बाराव्या शतकातील एक लाखेची पेटी आहे. तिच्यावर सोन्याच्या भुकटीने कुरिकारा नाग आणि खड्ग रेखाटलेले आहे. त्या पेटीत ठेवायचे काय, तर धर्मसूत्रे. ग्रंथाचे म्यान, आणि त्यावर तलवार! आमच्या वाचकांपैकी जे साहित्य शिकवतात त्यांनी या पेटीसमोर क्षणभर थांबावे असे आम्हाला वाटते.

मराठी वक्त्याच्या तोंडून ‘केवळ शोभेची’ हे शब्द आम्हाला अधिक बोचले याचे कारण हे. वज्र, अचल, कुलिक, बीजाक्षर हे शब्द त्यांना परके नव्हते. ते त्यांच्याच शब्दकोशात होते. तरीही ते त्या मुठीशी आले तेव्हा त्यांच्या हातात इंग्रजीतून आलेला चष्मा होता, आणि त्या चष्म्यातून वज्र दिसत नाही, फक्त सोनेरी मुलामा दिसतो.

मात्र लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन ‘पाहा, सगळे आपलेच’ असा जयघोष कुणी करणार असेल, तर आमचे भांडण त्याच्याशीही आहे. दुधारी तलवार जपानमध्ये बौद्ध धर्माच्या कितीतरी आधी, चीन आणि कोरियाच्या वाटेने आली. शिमाने प्रांतातील कोजिन्दानी येथे १९८४ साली एका टेकडीच्या उतारावर एकाच खड्ड्यात ३५८ कांस्य तलवारी सापडल्या, ओळीने नीट मांडून पुरलेल्या. त्या यायोइ काळातल्या आहेत. अचलाचे नावही तेव्हा तिथे पोहोचलेले नव्हते. त्यांपैकी ३४४ तलवारींच्या मुळाशी, म्हणजे मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर, फुलीची खूण आहे. मूठ बसवल्यावर दिसणारही नाही अशा जागी कुणीतरी शेकडो वेळा तीच खूण केली. ती कशासाठी, याचे उत्तर काहीही असो. जी खूण पाहणाऱ्यासाठी नाहीच तिला दिखावा म्हणता येत नाही, एवढे नक्की.

*

साहित्याच्या अभ्यासकांना सर्वांत जवळचे वाटावे असे उदाहरण टोकियोच्या उत्तरेस साइतामा प्रांतात आहे. तेथील इनारियामा नावाच्या थडग्याच्या टेकडीत १९६८ साली एक लोखंडी दुधारी तलवार मिळाली. लांबी ७३.५ सेंटीमीटर. दहा वर्षे ती गंजलेली, इतर वस्तूंसारखी एक वस्तू होती. १९७८ साली जतनाचे काम चालू असताना क्ष-किरण चित्र काढले गेले आणि पात्याच्या दोन्ही बाजूंवर सोन्याच्या तारेने जडवलेली ११५ अक्षरे प्रकट झाली. ओवाके नावाचा एक सरदार तीत आपली आठ पिढ्यांची वंशावळ सांगतो. आपले घराणे खड्गधारी रक्षकांचे प्रमुख म्हणून सेवा करत आले असे म्हणतो. आपण वाकाताकेरू या महाराजांच्या कारभाराला साहाय्य केले असे नोंदवतो आणि ही शंभरदा घडवलेली तलवार बनवून घेतल्याचे सांगतो. वर्ष बहुतेक अभ्यासकांच्या मते ४७१. वाकाताकेरू म्हणजे सम्राट युर्याकू असे मानले जाते.

मजकूर चिनी भाषेत आहे, पण माणसांची आणि स्थळांची जपानी नावे चिनी अक्षरांचे नुसते उच्चार वापरून लिहिलेली आहेत. परक्या लिपीला आपल्या जिभेवर वाकवण्याचा हा आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक. जपानचे सर्वांत जुने उपलब्ध पुस्तक ‘कोजिकी’ ७१२ सालचे आहे. ही तलवार त्याच्या २४१ वर्षे आधीची. म्हणजे जपानी भाषेच्या लेखनाचा इतिहास सांगायचा तर पुस्तकाआधी तलवार उघडावी लागते. आणि तिच्यात वाचायचे काय? पोलाद नव्हे, धार नव्हे; सोन्याचा जडाव. ज्याला आपण अलंकरण म्हणून बाजूला सारतो, तोच इथे मजकूर आहे.

नारा प्रांतातील इसोनोकामी मंदिरातही अशीच एक तलवार आहे. सुमारे ७५ सेंटीमीटरच्या लोखंडी पात्याला दोन्ही बाजूंनी तीन-तीन फांद्या फुटलेल्या; म्हणून ती ‘सप्तशाखी’. हिने कुणाशी लढता येणार नाही, हे सांगायला युद्धशास्त्र नको. पण १८७० च्या दशकात मंदिराचे प्रमुख पुरोहित कान मासातोमो यांनी तिच्यावरील गंज घासला तेव्हा सोन्याची साठेक अक्षरे दिसली, आणि तेव्हापासून आजतागायत इतिहासकार त्या अक्षरांवरून भांडत आहेत. कोरियातील पेक्चे राज्याकडून ती यामातोच्या राजाकडे आली हे सर्वमान्य. पण ती वरिष्ठाने कनिष्ठाला बहाल केली, की कनिष्ठाने वरिष्ठाला नजर केली, की बरोबरीच्या नात्याने भेट दिली? झिजलेल्या काही अक्षरांच्या वाचनावर दोन देशांचा पूर्वेतिहास आणि दोन देशांचा अभिमान टांगलेला आहे. ‘केवळ शोभेच्या’ वस्तूवरून माणसे दीडशे वर्षे भांडत नाहीत.

आणि शेवटी ती तलवार, जी कुणाला दिसतच नाही. ‘कोजिकी’तली कथा आपल्या वाचकांना ठाऊक असेल : सुसानोओ देव आठ मस्तकांच्या सर्पाला ठार करतो, त्याच्या शेपटीत त्याला एक खड्ग सापडते आणि तो ते सूर्यदेवता आमातेरासूला अर्पण करतो. पुढे हेच खड्ग यामातो ताकेरू याला पेटलेल्या गवताळ रानात गवत छाटून वाचवते आणि ‘कुसानागी’, म्हणजे गवत छाटणारी, असे नाव मिळवते. ती नागोयाच्या अत्सुता मंदिरात आहे अशी श्रद्धा आहे. सम्राटाजवळ तिची प्रतिरूप तलवार असते. ११८५ साली दान-नो-उराच्या समुद्रयुद्धात बालसम्राट आंतोकू याच्यासह ते प्रतिरूप बुडाले. आरसा आणि रत्न परत मिळाले, तलवार मिळाली नाही. १२२० च्या सुमारास जिएन या भिक्षूने ‘गुकान्शो’ या इतिहासग्रंथात या घटनेचा अर्थ लावला : आता राजाचे रक्षण करायला योद्धे उभे राहिले आहेत, म्हणून तलवारीचे काम संपले आणि ती गेली. हरवलेल्या वस्तूचे इतके मर्मभेदी वाचन आम्हाला दुसरे ठाऊक नाही. जिएनला ती तलवार प्रतीक आहे हे पुरेपूर माहीत होते. म्हणूनच तिच्या जाण्याला त्याने क्षुल्लक मानले नाही.

१ मे २०१९ रोजी सम्राट नारुहितो यांच्या राज्यारोहणाच्या वेळी तलवार आणि रत्न त्यांच्यासमोर ठेवले गेले. जगाने दूरचित्रवाणीवर काय पाहिले? वस्त्रात गुंडाळलेल्या पेट्या. पात्याचे दर्शन नाही, होणारही नाही. इथे वेष्टनच विधी आहे. साज बाजूला करून आत ‘खरे’ काय ते पाहू, असे म्हणणाऱ्याच्या हाती या ठिकाणी काहीच लागणार नाही.

यावर कुणी म्हणेल, की म्हणजे तुम्ही राजसत्तेच्या झगमगाटाचे समर्थन करता. मुळीच नाही. उलट, साज निर्दोष नसतो म्हणूनच तो वाचला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. १९४५ च्या शरणागतीमागची कारणे सांगताना सम्राट हिरोहितो यांनी पुढच्या वर्षी जे कथन केले, त्यात एक चिंता अशी होती, की शत्रू इसेच्या उपसागराकडून उतरला तर इसे आणि अत्सुता ही मंदिरे त्याच्या ताब्यात जातील आणि राजचिन्हे वाचवता येणार नाहीत. शहरे जळून गेलेली, लक्षावधी माणसे मेलेली, आणि निर्णयाच्या तराजूत एक न दिसणारी तलवार होती. जिला आपण निरुपयोगी म्हणतो ती किती वजनदार असू शकते, हे याहून भीषण शब्दांत सांगता येणार नाही. शोभेकडे दुर्लक्ष करणारा समीक्षक सत्तेपासून सुरक्षित राहत नाही; तो फक्त तिच्याविषयी अडाणी राहतो.

*

मग पाते आणि साज यांची ताटातूट झाली कधी? पूर्णांशाने नव्हे, पण मोठ्या प्रमाणावर ती एका फर्मानाने झाली. मार्च १८७६ मध्ये मेइजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यावर बंदी आणली. पिढ्यान्‌पिढ्या परज आणि मुठीची लेणी घडवणाऱ्या कारागिरांचे काम एकाएकी थांबले. परजा तलवारीवरून उतरल्या आणि सुट्या विकल्या जाऊ लागल्या; युरोप-अमेरिकेच्या संग्राहकांनी त्या चित्रांसारख्या जमवल्या. शाकुदो, म्हणजे तांब्यात थोडे सोने मिसळून केलेला निळसर काळा मिश्रधातू, आणि रुप्या-तांब्याचा करडा शिबुइची, यांची किमया पाहून ते थक्क झाले. ते थक्क होणे खरे होते. पण आता मध्ये पात्यासाठी भोक असलेली ती एक चकती होती. इकडे पाती साध्या लाकडी म्यानात गेली. दोन्हींचे अभ्यासक वेगळे, ग्राहक वेगळे, कपाटे वेगळी.

या बदलाचा साक्षीदार म्हणून कानो नात्सुओ (१८२८–१८९८) या धातुशिल्पकाराकडे पाहता येते. तलवारीचा साज घडवणारा हा माणूस. नव्या राजवटीत त्याच्याकडे नव्या नाण्यांच्या नक्षीचे काम आले. आणि त्याच नात्सुओने सम्राट मेइजींच्या आज्ञेवरून शोसोइन भांडारातून आलेल्या एका प्राचीन सरळ पात्याला जलनागाची कल्पना घेऊन नवा साज चढवला. ती ‘सुइर्यू-केन’, म्हणजे जलनाग-खड्ग, आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पाते एकधारी, पण नाव ‘केन’. हजार-अकराशे वर्षांचे अंतर असलेले दोन हात एका वस्तूत भेटतात आणि तिचे नाव ठरते ते साजावरच्या नागावरून. तिच्यात ‘मुख्य’ कोण आणि ‘जोडलेले’ कोण?

साहित्याच्या वर्गात आपण नेमके हेच करतो. शाळेत ‘खालील ओळींतील अलंकार ओळखा’ म्हणून दोन गुण देतो आणि ‘कवितेचा आशय स्वतःच्या शब्दांत लिहा’ म्हणून सहा. मुलाला त्या गुणांच्या हिशेबातूनच कळते, की आशय हे पाते आणि अलंकार ही त्सुकेतारी. पुढे महाविद्यालयात आशय आणि घाट यांचे द्वैत आपण मोठ्या शब्दांत सांगतो, पण हिशेब तोच राहतो. याला शास्त्राधारही आपल्याकडे तयार असतो : मम्मटाने अलंकारांना हारादी दागिन्यांची उपमा दिली आहे, ती आपल्याला पाठ असते. त्याच काश्मीरमधला कुंतक मात्र आपण सोडून देतो. अलंकार आणि अलंकार्य वेगळे काढणे ही केवळ विवेचनाची सोय आहे. काव्य असते ते अलंकारासहित असलेल्या अखंडाचे, असे त्याने हजार वर्षांपूर्वी बजावले होते. वेगळे काढावे, जरूर काढावे. त्याशिवाय शिकवता येत नाही. पण शिकवून झाल्यावर परत एकत्र ठेवायचे असते, हे आपण विसरतो. सुटी परज कपाटात आणि नुसते पाते दुसऱ्या कपाटात, अशी आपल्या पाठ्यपुस्तकांची अवस्था आहे.

त्या चर्चासत्रात प्रश्नोत्तरांच्या वेळी आम्ही हात वर केला नाही. वेळ संपत आली होती, चहा आला होता, आणि एवढ्याशा वाक्यावरून वाद कशाला, असे वाटले. ती चूक होती. हा लेख म्हणजे तिची उशिराने केलेली दुरुस्ती. ज्यांच्याकडे तशी चित्रफीत असेल त्या शिक्षकांना आमची विनंती एवढीच, की पुढच्या वेळी ते चित्र पुढे ढकलू नका. विद्यार्थ्यांना विचारा, या मुठीला तीन अणकुच्या का आहेत? कुणीतरी ‘वज्र’ म्हणेल. मग विचारा, ही मूठ काढली तर हातात काय उरेल? त्या प्रश्नावर तास संपला तरी चालेल.